पदराआडचे डोळे

माझ्या सासऱ्यांनी मला लग्नानंतर कितीतरी दिवस फक्त पायांवरून ओळखलं. गावात, घरात सगळे त्यांना बापू म्हणत. मीही म्हणायची, पण मनातल्या मनात, कारण सासऱ्यांशी थेट बोलायची आमच्यात त्या वेळी पद्धतच नव्हती. तापीकाठच्या आमच्या गुजर घरांमध्ये सुनेनं सासऱ्यासमोर आणि गावातल्या कुठल्याही वडीलधाऱ्या माणसासमोर पदर पार नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढायचा आणि नजर आपल्याच पायाच्या अंगठ्यावर ठेवायची, ही रीत. बापूंकडूनही ती तेवढीच पाळली जायची. मागच्या दारानं घरात यायचं झालं तर ते अंगणापासूनच खोकत यायचे, सर्दी नसताना. तहान लागली की भिंतीकडे बघून विचारायचे, "घरमा पानी मियी का?" मी तांब्या ठेवून दोन पावलं मागे सरले की मगच त्यांचा हात पुढे व्हायचा. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. माणूस फार सज्जन होता. बाईकडे न बघणं म्हणजेच तिला मान देणं, असं ते मानायचे, आणि तो मान त्यांनी मला भरपूर दिला. माझी नात हे ऐकते तेव्हा पोट धरून हसते, आणि मग हसू थांबवून विचारते की तुला राग नाही का यायचा. यायचा ना. पण रागावलेलं तोंड तरी दिसायला नको का कुणाला?

मी वाढले खांडबाऱ्याला. माझे वडील तिथे नोकरीला होते, आमचं क्वार्टर स्टेशनजवळ, आणि मालगाडी गेली की ताटातली वाटी सरकायची. समाजापासून लांब राहिल्यामुळे आमच्याकडे रीतीभाती पातळ झाल्या होत्या. मी बारावीपर्यंत शिकले, मोठ्यानं बोलायला शिकले, आणि लग्न होऊन या शांत, ऐसपैस, शेणानं सारवलेल्या घरात आले तेव्हा माझी अवस्था रेल्वेतून उतरून देवळात शिरल्यासारखी झाली. सासरी घरात गुजरी बोलत, गल्लीत अहिराणी, आणि माझ्या तोंडी दोन्हीची खिचडी. इथे मी अहिराणीच लिहीन, ती मला लहानपणापासून येते. घर मात्र खाऊनपिऊन सुखी होतं. नदीकडच्या मळ्यात केळी, वरच्या शेतात कापूस, गोठ्यात म्हशी. सकाळी दादरच्या, म्हणजे आमच्याकडच्या रब्बी ज्वारीच्या, भाकऱ्या थापायच्या, त्यांच्याबरोबर उडदाची घट्ट डाळ आणि वर कच्चं तेल, मिरचीचा ठेचा, आणि दुपारी ताकाची कढी. वांगी भाजली की त्यांचा धूर सगळ्या घरभर फिरायचा आणि पुढच्या खोलीतून बापूंचा खोकला ऐकू यायचा, हा मात्र खरा खोकला.

पुढच्या खोलीत झुला होता. सागाची रुंद फळी, कोपऱ्यांना पितळी पत्रे, आणि वर तुळईला चार लोखंडी साखळ्या. गुजरांच्या घरी झुला हा घरच्या कर्त्या माणसाइतकाच महत्त्वाचा. बापू जेवण झाल्यावर त्यावर बसायचे, पायानं जमिनीला हलकेच रेटा द्यायचे आणि अडकित्त्यानं सुपारी कातरायचे. किर्र, कट्ट, किर्र, कट्ट. हा आवाज चालू असेपर्यंत घरातल्या बायका स्वयंपाकघरात मोकळ्या बसायच्या. तो थांबला की सगळ्यांचे हात डोक्याकडे जायचे, पदर सारखा करायला.

माझी मुलगी मीना तेव्हा नुकती पालथी पडायला लागली होती. पावसाळा होता, निंदणीचे दिवस. बापू जेवून झुल्यावर बसले होते आणि मी त्यांचं ताट उचलायला गेले होते. ताट झुल्याजवळच जमिनीवर होतं. पदर नाकापर्यंत, त्यामुळे मला दिसत होतं ते फक्त ताट आणि माझे पाय. तेवढ्यात बाहेर खताचा ट्रॅक्टर आला, कुणीतरी हाक मारली, बापू घाईनं उठले. माणूस उठला की झुला मोकळा होतो आणि जोरानं मागे जाऊन तितक्याच जोरानं पुढे येतो. मी वाकलेलीच होते. पितळी कोपरा माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर बसला. नंतरचं मला सासूबाईंकडून कळलं. घरात सगळे त्यांना माय म्हणत. माय सांगायच्या की मी आवाजसुद्धा केला नाही, नुसती ताटावर आडवी झाले. बापूंनी त्यांना हाक मारली आणि ते तोंड फिरवून ओट्यावर जाऊन उभे राहिले. पडलेल्या सुनेकडे बघायचं कसं, तिचा पदर सरकलेला असणार. जखमेत हळद भरून झाली, मी शुद्धीवर आले, दोनदा उलटी झाली, आणि मला आतल्या खोलीत निजवलं, तेव्हा कुठे ते घरात आले. त्यांनी मायला विचारलं, कसं आहे. माय म्हणाल्या, ठीक आहे. झालं.

ठीक नव्हतं. पडून होते तोवर मला काही कळलं नाही, कारण पडल्या पडल्या माणूस वर बघतो. वरच्या तुळया, कोळ्याचं जाळं, कौलांमधून येणारी उजेडाची रेघ, सगळं जागच्या जागी होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी उठून बसले, पाय खाली सोडले आणि जमिनीकडे बघितलं, तर जमीन उड्या मारत होती. चक्कर म्हणतात तसं गरगर फिरत नव्हती. हळूच वर चढायची आणि झटकन खाली यायची, पुन्हा वर, पुन्हा झटकन खाली, थांबायचं नाव नाही. मी खाटेची कड घट्ट धरली. मला वाटलं भूकंप झाला. पण बाजूला मीना पाळण्यात शांत झोपली होती आणि बाहेर माय कुणाशी तरी लसणाच्या भावावरून बोलत होत्या.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की आमच्या घराचे आता दोन भाग झालेत. फळीवरचे डबे, खुंटीवरचा कंदील, छताची तुळई हे वरचं घर स्थिर. चूल, परात, पाटा-वरवंटा, पायऱ्या, माझे स्वतःचे पाय हे खालचं घर नाचणारं. आता तुम्हीच सांगा, सुनेचं काम कुठल्या घरात असतं? भाकरी तव्यावर टाकायला जावं तर ती अर्धी चुलीत. कढीचं पातेलं उतरवताना हात भलतीकडेच जायचा. आणि सासऱ्यांसमोर पदर ओढून, नजर अंगठ्यावर ठेवून उभं राहिलं की ते सगळ्यात वाईट, कारण जितकं खाली बघावं तितक्या उड्या जास्त. पदराच्या आत माझे दोन पाय सुपातल्या दाण्यांसारखे वरखाली व्हायचे आणि मला मळमळायला लागायचं. मी तांब्या ठेवायची तो झुल्याच्या जरा अलीकडे किंवा पलीकडे, कधी कलंडायचाच. बापू भिंतीकडेच बघत राहायचे. मायच्या तोंडून मात्र एकेक शब्द बाहेर पडायला लागला.

मी एक युक्ती काढली होती. दादर निवडायची असली की सूप मांडीवर न घेता एका हातानं कपाळाच्याही वर, आपल्याकडे तिरकं करून धरायचं आणि वर बघून दुसऱ्या हातानं खडे वेचायचे. तिथे ते बऱ्यापैकी स्थिर असायचं. मायनी ते पाहिलं आणि दारातूनच विचारलं, "कोनी आरती करी ऱ्हायनी?" शेजारच्या बायका खूप हसल्या. मीही हसले, कारण दुसरं काय करणार. पण त्या दिवसापासून गल्लीत माझी नवी कीर्ती झाली. कुणी म्हणे शिकलेली आहे, कामाचा कंटाळा आहे. कुणी म्हणे नवऱ्याकडे जाऊन राहायचंय म्हणून सोंग करते. माझा नवरा तेव्हा उकाईला धरणावर नोकरीला होता. पावसाळ्यात त्यांना रजा मिळायची नाही. मी पडल्यावर ते एकदाच येऊन गेले, आणि त्या वेळी डोकं इतकं ठणकत होतं की मी दिवसभर डोळे मिटूनच होते. मिटले की निदान काही हलताना दिसत नसे. ते उशाशी बसून राहिले आणि मी रुसले आहे असं समजून परत गेले.

मला वेड लागतंय, हीच माझी खात्री होत चालली होती. घर हलत नाही आणि मला हलताना दिसतं, याला दुसरं काय म्हणायचं? एकदा दुपारी गोठ्यात एकटीच होते. म्हशीच्या पाठीला टेकून डोळे मिटले आणि दुखतात म्हणून बोटांनी पापण्या हलकेच दाबल्या. तर बोटांखाली काहीतरी उडत होतं. मीना पोटात असताना कधी कधी अशीच बारीक उडी लागायची हाताला. मी बोटं काढली, पुन्हा ठेवली. दोन्ही बुबुळं पापणीच्या आत एका तालात हलत होती, माझ्या हुकमाशिवाय. मी शेणात बसकण मारली आणि रडले, पण त्या रडण्यात सुटकाही होती. घर हलत नव्हतं, माझं डोकं फिरलं नव्हतं, माझे डोळे हलत होते. हे सांगता येण्यासारखं होतं. मी तशीच उठून मायकडे गेले आणि म्हटलं, माय, माझे डोळे उडतात. त्या कापसाच्या वाती वळत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, डावा की उजवा? बाईचा डावा उडाला तर चांगलं असतं. मी म्हटलं, दोन्ही. त्यावर त्या म्हणाल्या की मग झोप नीट होत नसेल, तळपायाला तेल चोळ.

त्यांचा दोष तरी काय म्हणून सांगू. मायसमोरही मी कपाळ झाकून, नजर खाली घालूनच वावरायची. त्यांनी माझे हात पाहिले होते, पाय पाहिले होते, वेणी पाहिली होती. खाली वळलेल्या पापण्यांच्या आत काय चाललंय हे कळायला माझ्यासमोर बसून, माझी हनुवटी धरून बघावं लागलं असतं, आणि तसं त्या घरात कुणी कुणाला बघत नसे.

डॉक्टरकडे नेलं नाही असं मात्र नाही. बापूंनीच मायला सांगितलं आणि आम्ही तिघं तळोद्याला गेलो. डॉक्टर बापूंच्या ओळखीचे. त्या आपुलकीपोटी बापू बाहेर न थांबता आत आले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर, तोंड खिडकीकडे करून बसले. सासरे खोलीत, म्हणजे माझा पदर नाकावर. डॉक्टर विचारायचे मला आणि उत्तर द्यायच्या माय. भूक लागते का? लागते. झोप? जरा कमी. डोकं? दुखतं. माझी नाडी बघितली, नखं बघितली, मानेमागची जखम चाचपली. जीभ दाखवा म्हणाले, तर मी पदराच्या काठाखालून जीभ बाहेर काढली. आज लिहिताना मलाच हसू येतं. एका बाईच्या डोळ्यांना आजार झाला आहे आणि डॉक्टर तिची फक्त जीभ बघतो आहे. अशक्तपणा आहे, असं निदान झालं. ताकदीची इंजेक्शनं आणि लाल औषधाची बाटली घेऊन आम्ही परत आलो. बापू आत आले नसते तर मी पदर उचलला असता. ते आत आले, कारण त्यांना माझी काळजी होती.

हल्ली नंदुरबारला डोळे तपासायला जाते तेव्हा तिथला तरुण डॉक्टर शिकाऊ मुलामुलींना बोलावून घेतो आणि माझ्याभोवती रांग लावतो. आजी, खाली बघा. आजी, वर बघा. आजी, आता कडेला. मी त्याला सांगते, बाबा, तिकीट लाव. एवढ्या बायामाणसांनी माझ्या डोळ्यांत वाकून बघितलं की मला त्या तळोद्याच्या खोलीची आठवण होते, आणि कुणालाही राग दिसू न देता मी बराच वेळ वर बघत बसते.

मग पायरीचं झालं. ओट्याच्या दगडी पायऱ्या मी आधीच कडेच्या भिंतीला धरून उतरायची. त्या दिवशी मीना कडेवर होती, पाऊस पडून गेला होता, समोरून बापू येताना दिसले म्हणून मी घाईनं पदर ओढला आणि नजर खाली घातली. पायऱ्या नाचायला लागल्या, त्यातली एक मला सापडलीच नाही. मी गुडघ्यावर पडले. मीनाला मी वरच्या वर धरून ठेवलं होतं, तिला खरचटलंसुद्धा नाही, ती फक्त घाबरून रडली. पण माय धावत आल्या आणि त्यांनी तिला माझ्या हातातून काढून घेतलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या तिला घेऊन आपल्या खोलीत गेल्या, आणि त्यानंतर मीना माझ्याकडे आली नाही. दूध तर मला मार लागला तेव्हापासूनच बंद केलं होतं, डोक्याला लागलेल्या बाईचं अंगावरचं पाजू नये म्हणून. म्हशीचं दूध वाटी-चमच्यानं माय पाजायच्या. आता आंघोळ, झोपवणं, काजळ लावणं, सगळं त्यांच्याकडे गेलं. मला लांबून तिचा आवाज यायचा. खाली सतरंजीवर खेळताना दिसायची, पण खाली म्हणजे नाचणाऱ्या घरात, त्यामुळे दिसायचा तो एक उडणारा ठिपका. आई असून आपल्या मुलीचं तोंड दिसत नाही, हे दुःख कुणाला सांगायचं? मी हंडे घासत बसायची आणि घासता घासता मला इतकी आग व्हायची की वाटायचं एखादा हंडा उचलून अंगणात भिरकावून द्यावा.

मायनी माझ्या माहेरी निरोप धाडला. वडील गाडीनं नंदुरबारला आणि पुढे एसटीनं, चिखल तुडवत दुपारी पोचले. मी दाराआड उभी होते. आधी चहा झाला, पावसाच्या, कापसाच्या वाढीच्या गप्पा झाल्या. मग माय आतल्या दाराशी बसून, माझ्यापासून हातभर अंतरावर, ऐकू जाईल अशा बेतानं बोलल्या की पोरीला अशक्तपणा आलाय, कामं होत नाहीत, लेकराला घेऊन पडली, तिला काही दिवस माहेरी आराम करू द्या. आणि मग शेवटचं वाक्य त्यांनी अगदी सरळ आवाजात सांगितलं.

"पोर आठेच ऱ्हाई. तिले लई जा, बरी व्हयनी का मंग धाडा."

मीना इथेच राहणार, मी एकटी जाणार. काही दिवस म्हणजे किती आणि बरी म्हणजे काय, हे ठरवणार कोण? तीन घरं सोडून एक सून अशीच आरामाला गेली होती आणि तिच्या मुलाला आता दुसरीच बाई जेवू घालत होती. मला वाटलं वडील काहीतरी बोलतील. घरी ते माझ्याशी इतकं भांडायचे, राजकारणावर, भाजीच्या मिठावर. पण मुलीचा बाप व्याह्याच्या घरी बसला की त्याचा आवाज कुठे जातो देव जाणे. ते टोपी हातात घेऊन म्हणाले, "तुमनी मर्जी." बापू सुपारी कातरतच राहिले. किर्र, कट्ट.

मी दाराआडून निघाले आणि बाहेरच्या खोलीत गेले. पदर अर्थातच नाकापर्यंत होता आणि जमीन इतकी उसळत होती की मी भिंतीला हात लावत लावत गेले. झुल्यापुढे पोचल्यावर उभं राहवेना, म्हणून खाली बसले. आणि बसून मी पदर मागे टाकला, पूर्ण, खांद्यावर. बापू झुल्यावर उंच बसलेले, मी जमिनीवर. त्यांच्याकडे बघायचं म्हणून मी डोळे वर केले, आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्यासमोर एका माणसाचा चेहरा न हलता उभा राहिला. पांढऱ्या भुवया, कानात वाढलेले केस, डाव्या गालावर देवीचे दोन व्रण. इतके दिवस ज्यांच्या घरात राहिले ते माझे सासरे असे दिसतात, हे मला तेव्हा कळलं.

त्यांनी मात्र तत्क्षणी मान भिंतीकडे फिरवली. खरोखर शरमले होते ते. वडील उठायला लागले, माय दारातूनच काहीतरी बोलल्या. बापू भिंतीला म्हणाले, "तिले सांगा, पदर ले म्हना."

मी म्हटलं, "पदर मंग लेसू. पहिले मन्हा डोयाकडे देखा."

झुला अजून हलत होता. मी हात वर करून साखळी धरली आणि तो थांबवला. बापू बसलेले असताना झुल्याला हात लावायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. आवाज बंद झाला तशी खोली फार मोठी वाटायला लागली. मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, खांडबाऱ्याच्या आवाजात, की बापू, मी सोंग करत नाही, मला वेड लागलेलं नाही, तुम्ही एकदा बघा आणि मग काय ते ठरवा, तुम्ही म्हणाल तर मी आज निघून जाते. वडील मला नावानं हाक मारत होते. मी साखळी सोडली नाही.

मग बापूंनी मान वळवली. आधी त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग खांद्यावरच्या पदराकडे, आणि मग मोठं ओझं उचलावं तशी नजर वर आणून माझ्या तोंडाकडे. मी म्हटलं, "तुमनाकडे देखं का डोया थांबतस. खाले देखं का उड्या मारतस. देखा आते." आणि मी डोळे जमिनीकडे नेले, पण पापण्या बोटांनी वर उचलून धरल्या, म्हणजे त्यांना बुबुळं दिसावीत. खोली उसळत होती, तरी मी तशीच राहिले. नंतर पुन्हा वर बघितलं. बापूंच्या तोंडावरचा रंग गेला होता. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, भिंतीला नाही, मला विचारलं, "कधीपाईन?"

"झुला लागना तवयपाईन."

ते झुल्यावरून उठले, उठताना त्यांनी मागची फळी हातानं धरून ठेवली, आणि माझ्यासमोर जमिनीवर उकिडवे बसले. बैलबाजारात जनावराच्या डोळ्यांत बघून त्याची तब्येत सांगणारा माणूस तो. तितक्याच जवळून त्यांनी मला आणखी एकदा खाली बघायला सांगितलं. "मी तठेच व्हतू," ते शेवटी म्हणाले. "मी देखं नही."

त्यानंतर सुरतेच्या मोठ्या डॉक्टरांकडे जाणं झालं, उकाईहून हे आले, फोटो निघाले, मेंदूच्या मागच्या भागाला धक्का बसलाय आणि डोळ्यांना स्थिर ठेवणारी तार तिथे दुखावली आहे, असं सांगण्यात आलं. पूर्ण बरं होणार नाही, हेही सांगितलं. पुढे मला एका बाजूला जाड काचांचा एक चष्मा मिळाला, त्यानं खालचं थोडं वर उचलल्यासारखं दिसतं. मेंदू हळूहळू सवय करून घेतो म्हणाले, तशी करून घेतली त्यानं. मी आजही पायऱ्या पायानं चाचपून उतरते, आणि ही पानं लिहितेय ती भिंतीवर डोळ्यांच्या वर ठोकलेल्या पाटीला कागद लावून, फळ्यावर लिहावं तशी. गावात काही दिवस चर्चा झाली की बापूंची सून उघड्या तोंडानं फिरते, सासऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवते. बापूंच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, तिला खाली बघायची मनाई आहे, मीच केली आहे. मायना हे पटायला फार वर्षं लागली, आणि पूर्ण पटलं असं मी आजही छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी सुरत ठरली नव्हती, चष्मा नव्हता, मी जमिनीवर बसलेली होते आणि माझा निकाल अजून लागायचा होता. बापू गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आतल्या दाराकडे बघून म्हणाले, "पोर आन. तिले दे."

माय म्हणाल्या, "पाडी टाकी ती." त्यांचा आवाज चिडका नव्हता, भ्यालेला होता. त्यांना माझ्याशी वैर नव्हतं, त्यांना ती मुलगी हवी होती, धडधाकट.

"बठेल शे ती," बापू म्हणाले. "बठेल मानूस कोठे पाडी?"

मायनी मीनाला आणून माझ्या मांडीवर ठेवलं आणि हात लगेच काढला नाही. तिच्या अंगाला वेखंडाचा आणि म्हशीच्या दुधाचा वास येत होता, आणि ती पहिल्यापेक्षा जड लागत होती. मी सवयीनं खाली बघितलं. तिचा चेहरा लगेच वरखाली व्हायला लागला, डोळे कुठे, नाक कुठे काही लागेना. तीही मला ओळखत नव्हती बहुतेक, कारण अंग आखडून घेत होती. मग मी तिच्या दोन्ही काखांत हात घातले आणि तिला उचललं, छातीपर्यंत, तोंडापर्यंत, आणि तिथून सरळ डोक्याच्या वर. माय पुढे झेपावल्या. बापूंनी नुसता हात आडवा धरला. मी मान मागे केली, डोळे वर नेले आणि हात ताठ करून तिला तशीच धरून ठेवली. उड्या मंद झाल्या, मग थांबल्या. मीना माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि मग एकदम, काय आवडलं तिला कोण जाणे, तोंड उघडून खळखळून हसली. तिला खालचे दोन दात आले होते. मला कुणी सांगितलंच नव्हतं.